मोठी गाडी विकताना महिन्याचा पेट्रोलखर्च सांगायचा की नाही?

चाकोरी (धागाकर्ता)

नाशिकला जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा आमचा व्यवसाय आहे, वडिलांपासूनचा. अलीकडे आमच्याकडे विकायला येणाऱ्या गाड्यांत मोठ्या पेट्रोल एसयूव्ही फार वाढल्यात. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक, फर्स्ट ओनर, सर्व्हिसचा सगळा रेकॉर्ड, टायर निम्म्याहून जास्त शिल्लक. गाडीत खोट काढायला जागा नसते. मालकाला कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "ॲव्हरेज परवडत नाही हो." गावात लिटरला आठ-साडेआठ किमी, हायवेला हलक्या पायाने चालवली तर अकरा-बारा.

या गाड्यांचा भाव झपाट्याने उतरतो. नवी घेताना ३० लाखांच्या पुढे गेलेली गाडी सहा-सात वर्षांत ९-१० लाखांवर येते. त्या भावात ती घ्यायला येणारा माणूस पहिल्या मालकाइतका सधन नसतो. पंचवीस-सत्तावीसचा मुलगा असतो, नोकरी नुकती पक्की झालेली असते किंवा यंदा द्राक्षाला भाव मिळालेला असतो. आईवडिलांना मोठ्या गाडीत बसवायची हौस असते, आणि त्यात गैर काहीच नाही. तो हप्ता विचारतो, विमा विचारतो, नावावर करायचा खर्च विचारतो. पेट्रोलचा हिशोब मात्र क्वचितच विचारतो.

मग मीच करून दाखवतो. ९ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता वीस हजारांच्या घरात. महिन्याला १,००० किमी रनिंग, साडेआठचं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सव्वाबारा हजार रुपये पंपावर. सतराचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीत हाच खर्च सहा हजार शंभर येतो. हे ऐकून काही जण उठून जातात. जे जात नाहीत ते विचार करून घेतात आणि नंतर गाडी परत विकायला आणत नाहीत.

म्हणून मला वाटतं की जाहिरातीत किमतीच्या खालीच महिन्याचा इंधनखर्च रुपयांत लिहिला पाहिजे. आमच्या लाइनमधले लोक म्हणतात, "पार्टी तुटेल, कशाला नसती उठाठेव?" मला ते पटत नाही. महागड्या पेट्रोलचा बोजा पहिल्या मालकाच्या खांद्यावरून कमी ऐपतीच्या माणसाच्या खांद्यावर देताना निदान त्या बोजाचं वजन तरी त्याला सांगायला हवं.

तुमचं काय मत? ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ती विकली, ठेवली की बदलली, हेही लिहा.

---

हिशोबनीस

चांगला विषय. मी विकणाऱ्याच्या बाजूने आकडे मांडतो, कारण पेट्रोल महागलं म्हणून घाबरून गाडी काढणारे बरेच जण स्वतःचं नुकसान करून घेतात.

समजा गाडी नऊचं ॲव्हरेज देते आणि तुमचं रनिंग महिन्याला फक्त ५०० किमी आहे. पेट्रोल ५,७८० रुपयांचं. ती ९ लाखांना विकून २० लाखांची हायब्रिड घेतली आणि ती वीसचं ॲव्हरेज देते असं धरलं, तर पेट्रोल २,६०० रुपयांचं. महिन्याला ३,१८० वाचले, वर्षाला ३८ हजार. वर घातलेले ११ लाख वसूल व्हायला २९ वर्षं लागतील. तेच ११ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७१,५०० रुपये व्याज येतं (कर वेगळा). जुन्या गाडीचं वर्षाचं पेट्रोल ६९ हजारांचं. म्हणजे नुसत्या व्याजात वर्षभर टाकी भरते.

रनिंग २,००० किमी असेल तर चित्र बदलतं. तिथे वर्षाला दीड लाखाच्या वर वाचतात आणि सात-सव्वासात वर्षांत पैसे सुटतात. तेव्हा आधी आपलं रनिंग काढा आणि मग ॲव्हरेजकडे बघा.

---

गोदाकाठ

परभणीहून लिहितोय. पेट्रोलच्या भावासाठी आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. मुंबईत मे २०२१ च्या शेवटी लिटरने शंभरी गाठली, आम्ही त्याच्या आधीच तिथे होतो. डेपो मनमाडला, तिथून टँकर यायचा, त्या वाहतुकीचा भार आमच्या लिटरवर. राज्य तेच, कर तोच, तरी मुंबई-पुण्यापेक्षा दर चढाच.

त्यामुळे चाकोरी यांनी १०४ धरलेत ते आमच्याकडे लागू नाहीत. जाहिरातीत खर्च लिहायचाच असेल तर लिटर लिहा, रुपये ज्याने त्याने आपल्या पंपाच्या दराने काढावेत.

---

चाकोरी

गोदाकाठ, बरोबर आहे. लिटर आणि रुपये दोन्ही लिहिता येतील, आणि दर कोणत्या गावाचा तेही.

---

पानापेटी

मी गॅरेजवाला. ॲव्हरेज कमी आहे म्हणून विकायला काढलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचं ॲव्हरेज आधी दुरुस्त होण्यासारखं असतं. विकण्याआधी एवढं बघून घ्या.

चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. मोकळं फिरत नसेल तर ब्रेक धरून राहतोय, तो सारखा पेट्रोल खातो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही आणि मिश्रण जास्त पेट्रोलचं राहतं. हायवेलाही टेंपरेचरचा काटा खालीच राहत असेल तर शंका घ्या. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की तेच. एअर फिल्टर, प्लग हे तर सगळ्यांना माहीत आहे. हवेचा दाब दाराच्या खांबावर लिहिलेला असतो, पंपावरचा मुलगा अंदाजाने भरतो तो नव्हे. आणि शोसाठी रुंद टायर, जड अलॉय, टपावर कॅरियर लावलं असेल तर ते काढून बघा.

ॲव्हरेज मोजायचं ते फुल टू फुल. टाकी ऑटो कटपर्यंत भरा, निदान ३०० किमी चालवा, त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा थोडा जास्तच दाखवतो. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा तर वेगळ्याच कामाचा आहे. तो ठरलेल्या चक्राप्रमाणे रोलरवर गाडी चालवून काढतात, त्यात ९० च्या वर वेग जातच नाही. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो बरा, खिशाचा हिशोब करायला नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक: बीएस-सिक्स डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. रोज चार-पाच किमीची शाळा-बाजार फेरी असेल तर तो चोंदतो, मग गाडी स्वतःच जास्त डिझेल जाळून तो साफ करायला बघते. अशा वापराला डिझेल घेऊच नका.

---

श्वास

सगळे पैशावर बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. साडेआठच्या गाडीने १,००० किमी म्हणजे २७० किलो, दर महिन्याला. मालक बदलला म्हणून त्यात एक ग्रॅमचाही फरक पडत नाही. उलट पहिला मालक परवडत नाही म्हणून निदान कमी चालवत होता, दुसरा रोज कामाला नेतो.

मग अशा गाड्या पुन्हा विकूच नयेत, भंगारात काढाव्यात, असं का नाही म्हणायचं? २०२१ पासून आपल्याकडे स्क्रॅप धोरण आहे. ते वयावर आणि फिटनेसवर चालतं. आठच्या ॲव्हरेजची सात वर्षांची गाडी त्यात बसत नाही, बसायला हवी.

---

मिशिगन_मुक्काम

श्वास, तुम्ही म्हणता तसं अमेरिकेने एकदा केलं होतं. त्या काळात मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००८ च्या जुलैत इथे गॅसचा (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) देशाचा सरासरी दर गॅलनला ४.११ डॉलरवर गेला. एक गॅलन म्हणजे ३.८ लिटरच्या आसपास. भारताच्या मानाने तेव्हाही तो स्वस्तच होता, पण इथली सगळी घरं, ऑफिसं, दुकानं एकमेकांपासून लांब, आणि लोकांच्या दारात अवाढव्य पिकअप आणि एसयूव्ही. मे महिन्यात वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर असलेल्या फोर्डच्या एफ-सिरीज पिकअपला होंडा सिव्हिकने मागे टाकलं. ३ जूनला जनरल मोटर्सने ट्रक आणि एसयूव्ही बनवणारे चार कारखाने बंद करणार असल्याचं जाहीर केलं. त्यातल्या विस्कॉन्सिनच्या जेन्सव्हिलचा शेवटचा एसयूव्ही नाताळच्या दोन दिवस आधी बाहेर पडला. गाव त्या कारखान्यावर उभं होतं. ज्यांनी त्या गाड्या घेतल्या त्यांना पेट्रोलचा फटका बसला, आणि ज्यांनी बनवल्या त्यांची नोकरी गेली.

विक्रेत्यांनी तेव्हा काय केलं ते या धाग्याच्या विषयाशी जुळतं. क्रायस्लरने मे २००८ मध्ये योजना काढली: आमची गाडी घ्या, तीन वर्षं तुम्हाला गॅस २.९९ डॉलरनेच पडेल, वरचा फरक आम्ही भरू. वर्षाला १२,००० मैलांच्या हिशोबाने. लोकांना ती आवडली, कारण भीती भावाची होती. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये गॅस दोन डॉलरच्याही खाली आला होता. ज्यांनी रोख सवलत सोडून भावाची हमी घेतली होती त्यांना त्या काळात हमीचा काही उपयोग नव्हता, आणि दारात उभी गाडी मात्र तेवढंच पीत होती. विकणारा भावाची हमी देऊन ॲव्हरेजचा विषय बाजूला सारू शकतो, हे मी तिथे पाहिलं. चाकोरी नेमकं त्याच्या उलट करू बघतायत, म्हणून मला त्यांचं म्हणणं मोलाचं वाटतं.

पुढे २००९ च्या उन्हाळ्यात सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायची योजना आणली. गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी ॲव्हरेजची (म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेसात किमीच्या आसपास) जुनी गाडी द्या, नव्या कमी पिणाऱ्या गाडीवर सूट घ्या. सुमारे पावणेसात लाख गाड्या आल्या, तीन अब्ज डॉलरची तरतूद संपली. गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातलं ऑईल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण भरायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालू ठेवायचे. श्वास यांच्या प्रश्नाचं हे एक खरं उत्तर: मालक बदलण्याऐवजी गाडीच संपवली. पण त्यात धडधाकट गाड्याही गेल्या, ज्या एखाद्या गरजू कुटुंबाला रोजच्या कामाला चालल्या असत्या. त्याची हळहळ मला अजून वाटते.

आणखी एक, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्येच 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की गॅलनमागे मैल हा आकडा माणसाला चकवतो. आपल्या आकड्यांत सांगतो. एकाने आठची गाडी देऊन बाराची घेतली. दुसऱ्याने अठराची देऊन सत्तावीसची घेतली. कोणी जास्त इंधन वाचवलं? बहुतेक जण दुसरा म्हणतात. आता १,००० किमीचे लिटर काढा. पहिला १२५ वरून ८३ वर आला, ४२ लिटर वाचले. दुसरा साडेपंचावन्नवरून ३७ वर आला, साडेअठरा लिटर वाचले. सगळ्यात जास्त पिणारी गाडी थोडी जरी सुधारली, किंवा थोडी जरी कमी चालवली, तरी बचत तिथेच मोठी होते.

२०१३ च्या मॉडेलपासून इथे नव्या गाडीच्या काचेवरच्या लेबलवर १०० मैलांना किती गॅलन आणि वर्षाला अंदाजे किती डॉलरचं इंधन, हे दोन्ही छापलेलं असतं. सरासरी नव्या गाडीच्या तुलनेत पाच वर्षांत किती जास्त खर्च होईल किंवा किती वाचेल, तेही असतं. म्हणजे चाकोरी मागतायत ती गोष्ट अशक्य नाही, एका मोठ्या बाजारात ती रोज चालते आहे.

---

सह्यमुक्त

मिशिगन_मुक्काम, फार छान प्रतिसाद. आठ ते बारा आणि अठरा ते सत्तावीसचं गणित घरी सगळ्यांना घातलं, सगळे चुकले.

---

कालवण_भाकरी

एक शंका. लेबल आलं म्हणून अमेरिकेत लोक लहान गाड्या घ्यायला लागले का?

---

मिशिगन_मुक्काम

नाही. तेल स्वस्त झालं तशा मोठ्या गाड्या परत आल्या, आणि जून २०२२ मध्ये सरासरी दर पाच डॉलरच्या वर गेला तेव्हा तोच आरडाओरडा पुन्हा झाला. लेबलने कोणी गाडी घ्यायचं थांबत नाही. पण घेणारा आकडा बघून घेतो, आणि नंतर मला कोणी सांगितलंच नाही असं म्हणायची वेळ त्याच्यावर येत नाही. माझ्या दृष्टीने एवढं पुरेसं आहे.

---

खडीवाट

बीड जिल्ह्यात क्रूझर चालवतो, भाड्याने. आमच्या गाडीला सगळे डिझेल पिणारी म्हणतात. बारा-तेराचं ॲव्हरेज, डिझेल नव्वदच्या वर. पण मी कधी एकट्याला घेऊन निघत नाही. दहा माणसं बसली की एका लिटरमध्ये दहा जण बारा किलोमीटर गेले. अठराचं ॲव्हरेज देणाऱ्या छोट्या गाडीत साहेब एकटे ऑफिसला जातात, एका लिटरमध्ये एक माणूस अठरा किलोमीटर. आता कोण जास्त पितंय ते तुम्ही सांगा.

लग्नाचं वऱ्हाड, दवाखाना, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, देवदर्शन, सगळं या गाड्यांवर. एसटी दिवसातून एकदा येते तिथे दुसरं साधन नाही. मोठी गाडी वाईट असं सरसकट म्हणू नका. किती माणसं बसतात ते विचारा.

---

श्वास

खडीवाट दादा, हे मान्य. माझा रोख एकट्याने नेणाऱ्या मोठ्या गाड्यांवर होता, तुमच्या गाडीवर नाही. माणशी लिटर हाच खरा हिशोब, आणि पुण्यात सकाळी सिग्नलला उभं राहून बघितलं तर बहुतेक एसयूव्हीत एकच माणूस असतो.

---

करदाता_एक

तुम्ही सगळे ग्राहकाला शहाणं करायला निघालात, पण भाव वाढतो कशाने ते कोणी बोलत नाही. मे २०२० मध्ये जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं, तेव्हा केंद्राने एका रात्रीत उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि १० ने कमी केलं, मे २०२२ मध्ये ८ आणि ६ ने. मधल्या काळात, एप्रिल २०२२ ला, मुंबईत पेट्रोल १२०.५१ आणि डिझेल १०४.७७ होतं. वर राज्याचा व्हॅट. इंधन जीएसटीत आणायला कोणीच तयार नाही.

आणि डिझेलवाल्यांची तर सरळ दिशाभूल झाली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये होतं. ३२ रुपयांचा फरक बघून लोकांनी लाख-दीड लाख जास्त देऊन डिझेल गाड्या घेतल्या. जानेवारी २०१३ पासून महिन्याला ५० पैशांनी डिझेल चढत गेलं, ऑक्टोबर २०१४ ला नियंत्रण उठलं, आणि जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलच्याही वर गेलं. गाडी दहा-बारा वर्षं वापरायची आणि धोरण दोन वर्षांत बदलायचं. घेणाऱ्याने हिशोब तरी कशाच्या जोरावर करायचा?

---

नियमावली

करदाता_एक, त्याला जोडून: आपल्याकडे कर गाडीच्या लांबीवर आणि सीसीवर लागतो, ॲव्हरेजवर नाही. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसीच्या आत बसली की लहान गाडी. म्हणून चार मीटरला कापलेल्या, उंच आणि जड एसयूव्हींचा पूर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी झाला, सेस गेला. मोठ्या एसयूव्हीवर आधी सेससकट ५० टक्के पडत होते, म्हणजे पेट्रोल शंभरीच्या वर असताना मोठी गाडी घेणं स्वस्त झालं.

सीसी मोजण्याचा परिणाम डिसेंबर २०१५ मध्येही दिसला होता. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली. महिन्याभरात १.९९ लिटरचं इंजिन बाजारात आलं. गाडी तीच, आकार तोच. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का शुल्क लावून बंदी उठली.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने जास्त पिणाऱ्या कारवर वेगळा कर आणला, तो ॲव्हरेजवरच ठरतो. पण त्यातून एसयूव्ही आणि पिकअप वगळले. तिथे कार घटल्या आणि याच गाड्या वाढल्या, त्यामागे हेही एक कारण. ॲव्हरेजवर कर लावायचा तर सगळ्या गाड्यांवर सारखा लावायला हवा. आपल्याकडे कंपनीच्या सगळ्या विक्रीची सरासरी काढून किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा २०२२-२३ पासून आहे. पण ती सरासरी आहे. लहान गाड्या विकून मोठ्या गाड्यांची जागा करता येते, आणि एकेका ग्राहकापर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही.

---

संत्रानगरी

नागपूर-मुंबई समृद्धीने नियमित जातो, त्यावरून एक मुद्दा. ७०१ किमीचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० ला गेलं की विरोध ४४ टक्क्यांनी वाढला. उंच, चौकोनी तोंडाच्या गाडीला हे फार जाणवतं. १२० ला लावलेल्या मोठ्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज आठ-नऊवर येतं आणि लोक म्हणतात गाडीत बिघाड आहे. तीच गाडी ९० ला ठेवा, फरक स्वतः बघा. माझ्या गाडीत किलोमीटरमागे पाऊण ते एक रुपयाच्या वर फरक पडतो. दोनेक तास उशिरा पोचतो, पण मुंबईला जाऊन येऊन हजाराच्या वर रक्कम वाचते.

आणि समृद्धीवर चढण्याआधी टाकी भरून घ्या. पंप एकमेकांपासून लांब आहेत, मोठ्या गाडीची रेंज डोळ्यांदेखत कमी होते.

---

माळरान

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल कोणी बोललं नाही. माझी गाडी २०१९ ची. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे वीस टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. सोळा देणारी गाडी पंधरावर येते. साडेआठवाल्याचे आठ होतात. ऊस पिकवणाऱ्या आमच्या भागाला इथेनॉलचा फायदा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण लिटरमध्ये ऊर्जा कमी असेल तर दरही त्या प्रमाणात कमी असायला हवा होता.

---

चाकोरी

सर्वांचे आभार. इतकं नीट कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

माझ्यापुरतं ठरवलं आहे ते सांगतो. आमच्या जाहिरातींत यापुढे असा मजकूर जाईल:

"२.० पेट्रोल ऑटोमॅटिक, फर्स्ट ओनर, एमएच-१५ पासिंग. आम्ही फुल टू फुल मोजलेलं ॲव्हरेज: शहर ८.५, हायवे ११.५ (९० च्या वेगाने). महिना १,००० किमी शहरात चालवल्यास ११८ लिटर. नाशिकच्या आजच्या दराने सव्वाबारा हजार रुपये. २०२३ च्या आधीची गाडी, ई-२० वर मोजलेलं."

मोजणी गाडी आमच्याकडे आल्यावर आम्ही स्वतः करणार, मालकाच्या सांगण्यावर नाही. पानापेटी यांनी सांगितलेली ब्रेक आणि थर्मोस्टॅटची तपासणीही जोडतो, त्यात चार पैसे जातील पण गाडीला भाव येईल.

विकायला येणाऱ्यांना मी हिशोबनीसांचं गणित दाखवणार. महिना चार-पाचशे किमी चालवणारा माणूस घाबरून गाडी काढत असेल तर मी त्याला ठेवा म्हणूनच सांगेन. माझा एक व्यवहार जाईल, जाऊ दे. तीच गाडी महिना दोन हजार किमी चालवणाऱ्याच्या दारात गेली तर त्याचाही तोटा आणि श्वास म्हणतात तो धूरही चौपट. जास्त पिणारी गाडी कमी चालवणाऱ्याकडेच राहिलेली बरी.

श्वास, भंगाराचं मला नाही पटत. सात वर्षांच्या गाडीत अजून आठ-दहा वर्षांचं आयुष्य आहे, ती बनवायला लागलेलं लोखंड आणि वीज आधीच खर्च झाली आहे. योग्य माणसाच्या हाती ती जावी एवढी खटपट मी करू शकतो.

---

श्वास

सगळं नाही पटलं, पण रनिंग विचारून गाडी देणारा व्यापारी मी पहिल्यांदाच ऐकते आहे. हे जरूर करा.

---

उंबरठा

या धाग्यामुळे धीर करून विचारते. आमच्याकडे २०१८ ची मोठी पेट्रोल गाडी आहे, रनिंग महिना १,५०० च्या आसपास, ठाणे ते भिवंडी. विकली तर पाच-साडेपाच लाख येतील. बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं तर चालेल का?

---

पानापेटी

ताई, चालेल, पण काही गोष्टी बघून. तुमचं इंजिन टर्बो असेल तर मी सुचवणार नाही. साधं असेल तर मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त सेंटरवरच बसवा आणि आरसीवर सीएनजीची नोंद आरटीओतून करून घ्या. नोंद नसेल तर विम्याचा क्लेम अडतो. विमा कंपनीलाही कळवा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. डिकी जवळजवळ सगळी जाईल, आणि सिलिंडरच्या वजनाने मागचं सस्पेन्शन बसतं, ते आधी तपासून घ्या. घाटात ओढ कमी वाटेल, ठाणे-भिवंडीला काही अडचण नाही.

तुमच्या १,५०० किमी रनिंगला किटचे पैसे लवकर सुटतात. फक्त भिवंडीच्या बाजूला सीएनजीच्या रांगेत रोज किती वेळ जातो ते एखाद्या रिक्षावाल्याला विचारून घ्या, मग ठरवा.

---

उंबरठा

इंजिन साधंच आहे, टर्बो नाही. रविवारी सस्पेन्शन दाखवून घेते आणि इथेच कळवते.